कै. जगन्नाथ शंकरशेट आणि आगगाडीचा व्यवहार

ज्ञातीच्या वार्षिक संमेलनाची तारीख जाहीर झाली की बाहेरगावच्या मंडळींकडून एक विचारणा हटकून येते. गाडी नाशिक रोडला अमुक वेळी पोहोचेल, तेथून गावात येण्याची सोय काय? या विचारणेत आम्हास नवे काही वाटत नाही. नाशिकचे स्टेशन आणि नाशिक गाव यांत पाच-सहा मैलांचे अंतर पडले ते आगगाडी आली त्याच दिवशी पडले, आणि ते तोडावे कसे याची विवंचना तेव्हापासून या गावच्या पाठीस लागली आहे. टांगे झाले, घोड्यांची ट्राम झाली, मोटारी झाल्या, एस. टी. झाली, आणि आता महापालिकेच्या बसगाड्या आहेत. वाहने बदलली, परंतु त्यांच्यामागचा हिशेब फारसा बदलला नाही. लोकांसाठी चालणाऱ्या गाडीत पैसा कोणी घालावा, ती कोणी चालवावी, आणि तोटा आला तर तो कोणाच्या खाती पडावा, हा तो हिशेब होय.

आपल्या देशात हा हिशेब ज्यांच्या पुढ्यात अगदी पहिल्याने मांडला गेला, त्या मोजक्या हिंदी गृहस्थांत आपल्या दैवज्ञ ज्ञातीचे भूषण कै. जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना हे होते. त्यांचे चरित्र आपल्या घरांतून नवे आहे असे नाही. शाळेतल्या संस्कृतच्या शिष्यवृत्तीमुळे मुलांनाही ते नाव ठाऊक असते. परंतु नाना सांगितले जातात ते बहुधा दाते म्हणून. व्यवहारी पुरुष म्हणून त्यांच्याकडे पाहण्याचा प्रघात आपल्यात कमी. आम्ही या लेखात त्यांच्या आयुष्याचा तोच भाग विशेष करून सांगणार आहोत, आणि जेथे अभिमानाने आपली मान ताठ होते तेथेच जमाखर्चाची वहीही उघडणार आहोत. स्वतः नाना पेढीवर वाढलेले असल्यामुळे त्यांचा याला आक्षेप नसता, असे आम्हास वाटते.

मुरकुटे हे त्यांचे मूळचे आडनाव. घराणे कोकणातून मुंबईस आलेले. सोन्यारूप्याचा आणि जवाहिराचा व्यवहार, पुढे सावकारी. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. वडील शंकरशेट यांनी पेढीचा मोठा विस्तार केला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपूशी झालेल्या लढाईच्या धामधुमीत त्यांच्या संपत्तीत विशेष भर पडली असे सांगतात. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी घरीच शिक्षक ठेवले. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषा नाना घरच्या घरी शिकले. त्या काळी पेढीवाल्याच्या मुलाने मोडी आणि हिशेब यांपलीकडे जाण्याची गरज कोणास वाटत नसे.

१८२२ साली शंकरशेट वारले. नाना तेव्हा विशीतही शिरले नव्हते. एवढ्या वयात एवढी मोठी पेढी एकट्याच्या माथी येणे हे भाग्य म्हणावे की संकट, हे त्या त्या माणसावर असते. आपण सर्वांनीच अशी घरे पाहिली आहेत की जेथे वडिलांच्या मागे दहा वर्षांत दुकानाची पाटी उतरली. नानांनी पेढी सांभाळली, आणि त्याचबरोबर मुंबईच्या सार्वजनिक कामांत पाऊल टाकले. एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकीर्दीत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी जी सोसायटी निघाली, तिच्या कामात ते अगदी तरुणपणी पडले. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली तिच्या कारभारात ते होते. १८४० साली सरकारने शिक्षणमंडळ नेमले त्यात त्यांना जागा मिळाली आणि ती त्यांनी सोळा वर्षे चालविली. त्या मंडळात सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह इंग्रजीतून शिक्षण देण्याचा होता, तर नानांचा पक्ष असा की सर्वसाधारण लोकांना विद्या द्यावयाची तर ती त्यांच्याच भाषेतून दिली पाहिजे. इंग्रजी उत्तम जाणणारा मनुष्य मराठीचा पक्ष घेऊन अध्यक्षाविरुद्ध उभा राहतो, यात नानांच्या स्वभावाची खूण दिसते. मुलींच्या शाळेस त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. सतीची चाल बंद करण्याच्या बाजूने ते होते. सोनापूरची स्मशानभूमी तेथून हलवून दूर नेण्याचा बेत सरकारने केला तेव्हा हिंदू रहिवाशांच्या वतीने त्यांनी तो हाणून पाडला. सुधारणेचा पक्ष घेणारा आणि लोकांच्या भावनेसाठी सरकारशी भांडणारा मनुष्य एकच असू शकतो, हे त्या काळच्या पुष्कळांना उमगत नसे. आजही क्वचितच उमगते.

इतके सांगून झाल्यावर आता आगगाडीकडे वळू.

१८४३ च्या सुमारास मुंबई सरकारचे इंजिनियर जॉर्ज क्लार्क यांच्या मनात मुंबई, कुर्ला, ठाणे असा लोहमार्ग टाकून तो पुढे थळ आणि बोर या दोन घाटांवरून देशावर न्यावा अशी कल्पना आली. मुंबई तेव्हा बेट होते. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून महिनोन् महिने वाट तुडवीत बंदरावर येई. पावसात सापडला तर भिजे, धुळीत सापडला तर माती होई. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना तो कापूस हवा होता. आगगाडीची हाव प्रथम त्यांना सुटली, हे खरे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. मात्र मुंबईच्या शेटसावकारांना तिच्यात आपल्या शहराचे कल्याण दिसले, हेही तितकेच खरे. १८४५ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने मुंबईतील व्यापारी व प्रतिष्ठित मंडळींची रेल्वेसाठी एक संस्था निघाली. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन चॅपमन यांच्या खटपटीने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडची जी. आय. पी., हिची जुळवाजुळव चालू होती. अखेर मुंबईचा प्रयत्न तिच्यात मिसळला. मुख्य मंडळ लंडनला बसे. कंपनीच्या संचालकांत जमशेटजी आणि नाना असे दोघेच हिंदी गृहस्थ होते.

ही गाडी सरकारने काढली नाही, ही गोष्ट आजच्या वाचकांना सांगितल्यावाचून कळणार नाही. रेल्वे म्हणजे सरकार असे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की मुंबईपासून ठाण्यापर्यंतचा पहिला लोहमार्ग एका खाजगी कंपनीने भाग विकून उभारला, हे ऐकून नवल वाटते. १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने जी. आय. पी. कंपनी स्थापन झाली आणि १७ ऑगस्टला ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. प्रयोगादाखल घालावयाच्या मार्गाचे भांडवल पाच लक्ष पौंड होते.

आता या कराराच्या अटी पाहाव्यात. पेढीवर बसणाऱ्या आपल्या बांधवांनी तर त्या सावकाश वाचाव्यात. भागधारकांनी भरलेल्या रकमेवर सरकारने दरसाल पाच टक्के व्याजाची हमी दिली. गाडी चालो वा न चालो, उतारू येवोत वा न येवोत, पाच टक्के ठरलेले. जमीन सरकारने फुकट द्यावयाची. नफा पाच टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या रकमेतला अर्धा भाग सरकारने आधी भरलेल्या व्याजाच्या फेडीस आणि उरलेला अर्धा भागधारकांस. कंपनीस धंदा नकोसा झाला तर सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या हवाली करावा आणि लावलेले भांडवल परत घ्यावे. याच्या बदल्यात सरकारला देखरेखीचा आणि भाड्यावर नियंत्रणाचा अधिकार, तसेच पंचवीस किंवा पन्नास वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा हक्क मिळाला.

आपल्यापैकी कोणी असा धंदा पाहिला आहे काय, की ज्यात नफा झाला तर तो आपला आणि तोटा झाला तर शेजाऱ्याचा? आणि येथे शेजारी म्हणजे कोण? हमीचे व्याज ज्या खजिन्यातून जाणार तो या देशातील रयतेच्या शेतसाऱ्याने भरलेला. भाग घेणारे जवळजवळ सगळे विलायतेतले. हिंदी लोकांनी भाग फार थोडे घेतले, आणि त्यात आश्चर्यही नाही. मुंबईच्या बाजारात कापूस, अफू आणि हुंडी यांच्या व्यवहारात पैसा याहून कितीतरी अधिक व्याज मिळवीत असे. मग पाच टक्क्यांसाठी लंडनच्या कंपनीत रक्कम कोण अडकवून ठेवील? खर्चाकडे काटेकोरपणे पाहण्याचे कारण कंपनीला उरले नाही, हा हमीचा दुसरा दोष. भांडवल जितके वाढेल तितके व्याजही वाढणार. पुढे दादाभाई नवरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी या हमीच्या पद्धतीवर जी टीका केली ती याच कारणासाठी. दादाभाई हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे विद्यार्थी आणि मग तेथेच प्राध्यापक झालेले. ज्या विद्यालयाच्या कारभारात नाना होते, त्याच विद्यालयात नानांच्या रेल्वेचा हिशेब तपासणारा पुरुष तयार झाला.

मग नानांनी या व्यवहारात काय केले म्हणावयाचे? आपल्या काही जुन्या लेखांतून असे लिहिलेले आम्ही वाचले आहे की आगगाडी नानांनीच आणली. हे अर्थात खरे नाही, आणि असे लिहून आपण नानांस मोठे करीत नाही. भांडवल लंडनचे, इंजिनियर जेम्स बर्कले इंग्रज, अटी ईस्ट इंडिया कंपनीच्या. नानांकडे जे होते ते लंडनला कोणत्याही दराने विकत घेता येत नव्हते. मुंबईच्या लोकांत त्यांची पत होती. लोखंडाच्या रुळांवरून वाफेच्या जोराने धावणारी ही वस्तू भुताटकीची आहे, तिच्यात बसल्याने आयुष्य घटते, जात बाटते, असे समज पसरले असता गिरगावच्या शंकरशेटांच्या वाड्यातला मनुष्य त्या कंपनीत आहे एवढे कळणे पुष्कळांना पुरेसे होते. कंपनीच्या कचेरीस प्रथम जागा नानांच्या वाड्यात मिळाली असे आपल्या घरांतून परंपरेने सांगतात. तसेच रेल्वेने त्यांना सोन्याचा पास दिल्याची गोष्टही सांगतात. सोन्याच्या व्यवहारात वाढलेल्या माणसाला सोन्याचे तिकीट मिळावे, ही गोष्ट आमच्या आजीच्या पिढीला फार आवडत असे.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाची पहिली कुदळ पडली. अडीच वर्षांत मार्ग तयार झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी दुपारी, बोरीबंदराहून चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित घेऊन पहिली गाडी ठाण्यास निघाली. ओढावयास तीन इंजिने होती. एकवीस तोफांची सलामी झाली. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र आदल्याच दिवशी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. या प्रकाराला इतिहासात जागा मिळेल असे त्यांस वाटले नसावे. नाना त्या गाडीत होते. एकवीस मैलांचे अंतर तासाच्या आत कापले गेले. दोन्ही बाजूंस माणसांची दाटी होती. पुढे १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला.

हिंदी लोक आगगाडीत बसणार नाहीत, बसले तरी वेगवेगळ्या जातींची माणसे एका बाकावर बसावयाची नाहीत, असा अंदाज शहाण्यासुरत्यांनी केला होता. तो साफ खोटा ठरला. तिसऱ्या वर्गाचे डबे भरभरून जाऊ लागले आणि उतारूंपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच डब्यांतून येऊ लागला. डब्यात जागा मिळे ती तिकिटाच्या पैशांवर. कूळ कोणी विचारीत नसे. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हास थोडे हसू येते, तरी लिहिले पाहिजे. ज्या काळात पंगतीतल्या जागेवरून आपल्या ज्ञातीने पेशवाईपासून मानापमान सोसले, त्याच काळाच्या पुढच्या टोकास आपल्याच ज्ञातीचा एक पुरुष अशा गाडीच्या कारभारात होता की जिच्यात पंगतच नव्हती. नानांनी तिचा तसा विचार केला होता किंवा नाही, हे त्यांच्या मनास ठाऊक.

या वर्षांत नानांची इतर कामे चालूच होती. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली त्यात ते प्रमुख होते. हिंदी लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे मांडण्याचा या इलाख्यातला तो पहिला संघटित उद्योग. म्हणजे असे पाहा, एका हाताने नाना इंग्रजांच्या कंपनीत बसत होते आणि दुसऱ्या हाताने इंग्रजी राज्याविरुद्धच्या अर्जावर सही करीत होते. १८५७ च्या धामधुमीत याचे फळ त्यांना मिळाले. बंडवाल्यांशी त्यांचे संधान आहे असा संशय घेण्यात आला. चौकशी झाली, आरोप निराधार ठरला. परंतु तीस-पस्तीस वर्षे ज्या सरकारच्या प्रत्येक लोकोपयोगी कामात आपण हातभार लावला, त्याने आपल्या दारी संशयाची नजर टाकावी, हे त्या मानी पुरुषाला किती लागले असेल! १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते.

इकडे लोहमार्ग घाट चढत होता. बोर घाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. आपल्या नाशिककरांच्या दृष्टीने महत्त्वाचा तो थळ घाट. कसाऱ्यापर्यंत रूळ १८६१ च्या आरंभी पोहोचले होते. कसारा ते इगतपुरी हा अवघड टप्पा १ जानेवारी १८६५ रोजी पुरा झाला. सदतीस फुटांस एक फूट असा चढ, बोगदे, दऱ्यांवरचे पूल. आजही मुंबईहून येणाऱ्या कित्येक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि गाडी थांबली की पहिल्यांदाच प्रवास करणारे मूल कारण विचारते. या घाटांच्या कामी हजारो मजूर पटकीने, तापाने, दरडीखाली सापडून गेले. त्यांची नावे कंपनीच्या कोणत्याही भागपत्रावर नाहीत. पाच टक्के ज्या भांडवलावर मिळत होते त्यात त्यांचे प्राण धरलेले नव्हते.

घाट पुरा झालेला पाहावयास नाना होते. त्याच वर्षी मुंबईवर दुसरेच संकट आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला होता आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर शहरात कंपन्यांचे पेव फुटले. समुद्र बुजविण्याच्या कंपन्या, बँका, ज्यांचे काम काय हे प्रवर्तकांनाही सांगता येऊ नये अशा मंडळ्या. भागांचे भाव कागदावर दसपट झाले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला, आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी एकेक पेढी बसू लागली. खाजगी भांडवलाने काय साधते हे ज्या शहराने बारा वर्षांपूर्वी बोरीबंदरावर पाहिले होते, त्यानेच त्याचे हे दुसरे रूप पाहिले. त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांनी देह ठेवला.

त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली, ती मॅट्रिकच्या कित्येक पिढ्यांनी मानाने मिरविली. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा पुतळा आहे. गिरगावचा रस्ता आणि ग्रँट रोडजवळचा चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो. २०२४ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्टेशनास त्यांचे नाव देण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. वास्तविक मुंबई सेंट्रल हे जी. आय. पी.चे स्टेशन कधीच नव्हते; परंतु नानांच्या नावाविषयी असा काटेकोरपणा धरण्याची आमची इच्छा नाही.

कंपनीचे पुढे काय झाले? पन्नास वर्षांची मुदत भरली तेव्हा, १९०० साली, सरकारने हक्क बजावून मार्ग विकत घेतला. तरी गाड्या चालविण्याचे काम कंपनीकडेच राहिले. म्हणजे मालकी सरकारची आणि कारभार कंपनीचा, असा पंचवीस वर्षांचा आणखी एक संसार झाला. १९२५ साली तोही संपला आणि रेल्वे सर्वस्वी सरकारची झाली; त्याच वर्षी फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. १९५१ साली तिचे नाव मध्य रेल्वे झाले. मुंबई शहरातल्या ट्रामची कथाही याच वळणाची. खाजगी कंपनीने ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू केली, १९०७ साली विजेची आली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी ट्राम, बस व वीज हा सारा कारभार नगरपालिकेने आपल्या हाती घेतला.

आता आमच्या गावची गोष्ट. नाशिक रोडला उतरलेला यात्रेकरू गावात आणावा कसा, यावर १८८९ साली एक उपाय निघाला. ब्रॅडी कंपनीच्या पैशाने अडीच फूट रुंदीच्या रुळांची ट्राम बांधण्यात आली. सल्लागार इंजिनियर होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हेच गृहस्थ पूर्वी जी. आय. पी.त नोकरीस होते आणि पुढे बार्शी लाईट रेल्वेमुळे प्रसिद्धीस आले. मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिक रोड स्टेशनापर्यंत ही ट्राम जाई. दोन डबे, त्यांना चार घोडे. मधला सगळा मुलूख तेव्हा झाडीचा. पुढे घोडे जाऊन पेट्रोलचे इंजिन आले. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी या ट्रामच्या गोष्टी सांगत, त्यात घोड्यांचे वर्णन अधिक आणि वेगाचे कमी असे.

परंतु या ट्रामच्या पाठीशी पाच टक्क्यांची हमी नव्हती. पर्वणीच्या दिवसांत डबे भरत असतील. एरवी एका लहानशा तीर्थक्षेत्राच्या रोजच्या येण्याजाण्यावर कंपनीने जगावयाचे. दुष्काळ आले, प्लेग आला, माणसेच गाव सोडून माळावर राहावयास गेली तेथे ट्रामला उतारू कोठून मिळावेत? तोटा साचत गेला आणि १९३१ ते १९३३ च्या सुमारास ट्राम बंद पडली. ज्या स्टेशनाशी ती लोकांना जोडीत होती, ते स्टेशन त्याच काळात सुखाने चालले होते, कारण वाईट वर्षांत त्याचे व्याज रयत भरीत आली होती. मोठ्या रेल्वेचा तोटा देशाने सोसला. नाशिकच्या ट्रामचा तोटा सोसावयास कोणी पुढे आले नाही. दोन्ही व्यवहार खाजगीच होते. यातला कोणता न्याय्य म्हणावा, याविषयी आमच्या मंडळातच दोन मते आहेत. व्यापारी बांधवांचे म्हणणे की ट्रामचा व्यवहार प्रामाणिक होता, ज्याने पैसा घातला त्याने तोटा सोसला. नोकरीपेशातले म्हणतात की अशा प्रामाणिकपणाने गाव चाळीस वर्षांनी पुन्हा पायी चालू लागले. आम्हास दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते. मात्र तोटा लोकांनी सोसावयाचा असेल तर वहीही लोकांना दाखविली पाहिजे, आणि १८४९ च्या करारात तेच झाले नव्हते.

ट्राम गेल्यावर टांगे आणि खाजगी मोटारी राहिल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि हळूहळू राज्यभर खाजगी मोटारींची जागा एस. टी.ने घेतली. नाशिक शहरातल्या गाड्याही कित्येक वर्षे एस. टी.च चालवीत होती. जुलै २०२१ पासून महापालिकेने हे काम आपल्याकडे घेतले. त्या सेवेचे नाव सिटीलिंक. गाड्या ठेकेदारांच्या, चालविण्याचे काम त्यांचे. त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. तिकिटाचा दर आणि मार्ग महापालिका ठरविते, तिकिटाचे उत्पन्न तिच्याकडे येते, आणि खर्च व उत्पन्न यांतली तूट तीच भरते. डबा रिकामा गेला तरी ठेकेदाराचे किलोमीटर मोजले जातातच. नानांनी हा कागद वाचला असता तर त्यांना तो अगदीच अपरिचित वाटला नसता.

संमेलनास येणाऱ्या बाहेरगावच्या मंडळींसाठी एवढेच लिहितो की नाशिक रोड स्टेशनाच्या बाहेर या बसगाड्या मिळतात. मुंबईकडून येणाऱ्यांनी कसाऱ्यास गाडी थांबली असता मुलांना खिडकीशी बसवावे. थळ घाट तेथूनच सुरू होतो.